पट्ट्या शिवल्या तो उन्हाळा

सोलापुरात चैत्राचं ऊन आणि गणवेशाचं कापड एकाच आठवड्यात घरात शिरतं. बाहेर डांबर मऊ पडतं आणि आत पांढऱ्या-निळ्या ताग्यांची थप्पी छताला टेकते. माझा मुलगा दिलीप खालच्या दोन खोल्यांना कारखाना म्हणतो. चौदा मशिनी, दोन पंखे आणि एक मी, एवढाच तो कारखाना. जूनपर्यंत इथं कुणाला आजारी पडायची परवानगी नसते. बारशी, रुसवेफुगवे, दातदुखी, सगळं शाळा सुरू झाल्यावर. भाकरीवर सुद्धा दोरे बसलेले असतात. झटकायचे आणि खायची.

माझ्याकडं नजर ठेवायचं काम आहे. म्हणजे डोळ्यांत ऑपरेशनची भिंगं, हातात छोटी कात्री, लोंबते दोरे कापत बसायचं आणि जिला-तिला सांगायचं की बाई, तुझी शिवण वाकडी जाते, आमच्या वेळी कशी रुळासारखी सरळ असायची. खरं तर नसायची. पण आता ते सांगायला कोण उरलंय?

नात अनुजा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय इतिहास. तिची परीक्षाही याच हंगामात. मोठ्यानं वाचल्याशिवाय तिच्या डोक्यात काही जात नाही, आणि वरच्या खोलीचा पत्रा दुपारी तव्यासारखा तापतो. म्हणून ती खाली येऊन शर्टांच्या गठ्ठ्यावर बसते आणि चौदा मशिनींच्या आवाजात मला जग ऐकवते. मागच्या वर्षी फ्रान्समध्ये राजाचं डोकं उडवलं. यंदा अमेरिकेत गोऱ्यांच्या वर्चस्वाच्या संघटनांचा धडा आला.

त्यात एक फोटो होता. पांढरे झगे, डोक्यावर उंच टोकदार टोप्या, तोंडावर कापड, डोळ्यांपुरती दोन भोकं. दहा-बारा माणसं ओळीनं उभी. अनुजानं पुस्तक माझ्यापुढं धरलं. "आज्जी, बघ. भीती वाटते ना?"

मी बघितलं. शिवणाऱ्या बाईची नजर माणसावर नंतर जाते, आधी कापडावर. खांद्याची जोड साफ होती. झग्यांची लांबी प्रत्येकाच्या उंचीप्रमाणं घेतलेली. टोपीच्या आत जाड कागद असणार, त्याशिवाय ती अशी ताठ राहत नाही. डोळ्यांच्या भोकांना काठ मुडपून टीप घातलेली, म्हणजे धागे निघून पापणीला टोचू नयेत.

"हे कुणी शिवलं गं?" मी विचारलं.

"पुस्तकात नाही."

"कुणीतरी बसून मापं घेतली असतील. पापणीची काळजी केलीय बघ."

"आज्जी, माणसं जाळली यांनी. तुला शिवणीचं पडलंय."

त्रेचाळीस अंशांच्या त्या दुपारी माझे तळहात मात्र गार पडले होते. मी ते लुगड्यात पुसले आणि तिला म्हटलं, वाच पुढं.

तिनं वाचलं. ही संघटना म्हणे तीनदा उगवली. एकदा गुलाम सुटले तेव्हा, दुसऱ्यांदा बाहेरदेशांतली माणसं बोटी भरभरून यायला लागली तेव्हा, आणि तिसऱ्यांदा कोर्टानं सांगितलं की काळी-गोरी पोरं एका शाळेत बसतील, तेव्हा.

"म्हणजे खालचा उठून उभा राहिला की," मी म्हटलं.

"एवढं थेट लिहायचं नसतं. मुद्दे पाडायचे असतात."

मग तिनं मुद्दे पाडले. तिसऱ्या वेळी झगेवाले थोडेच होते. त्यांच्याशिवाय दुसऱ्या मंडळ्या होत्या, त्या तोंड झाकत नव्हत्या. दुकानदार, वकील, बँकेतले साहेब. दिवसाउजेडी सभागृहात बसायचे, ठराव करायचे. मारहाण आपल्याला मंजूर नाही म्हणायचे. पण ज्या काळ्या बापानं पोराचं नाव गोऱ्यांच्या शाळेत घातलं त्याची नोकरी जायची, घरमालक घर रिकामं करायला सांगायचा, दुकानात माल मिळायचा नाही.

"आणि दळण?"

"काय?"

"गिरणीत दळण बंद करायचे का?"

"आज्जी, तिकडं भाकरी नसते." ती हसली. समोरच्या मशिनीवर शिवणारी पद्माही हसली. मी हसले नाही. मीच विचारलेल्या प्रश्नानं मला दचकवलं होतं.

तिकडं ते सगळं चाललं होतं तेव्हा मी परकर नेसून सागरगोटे खेळत होते. अमेरिका हे एखाद्या बिस्किटाचं नाव आहे म्हणून कुणी सांगितलं असतं तरी पटलं असतं. आमच्याकडं तो धडा काही वर्षांनी आला, पुस्तकाशिवाय.

बावीस वर्षांच्या त्या बाईची ओळख करून देते. आज ती रस्त्यात भेटली तर मी तोंड फिरवून जाईन. सांगोल्याच्या पलीकडं, जिथं पाऊस वाट चुकल्यासारखा यायचा, अशा गावात ती सून म्हणून गेली. बरोबर माहेरची पायमशीन. चुलीपुढं गावात सगळ्याच बसायच्या, मशिनीपुढं ही एकटी. त्यामुळं तिची मान जी वर झाली ती काही केल्या खाली येईना. सातवी पास, गणितात काठावर. पण गळ्यात मापाची टेप अशी घालायची की डॉक्टरीणबाईंनीही तिच्याकडं बघून शिकावं. पाणी आणायला जातानासुद्धा टेप गळ्यात. हसा, मी पण हसते.

त्या वर्षी गावच्या हायस्कुलात गणवेश सक्तीचा झाला. पांढरं पोलकं, निळा परकर; पोरांना पांढरा सदरा, निळी चड्डी. सगळं शिवण माझ्याकडं आलं. एकटीला झेपेना, म्हणून काज-बटणाला शेवंता यायला लागली. ती गावाबाहेरच्या वस्तीतली. त्या वस्तीला तेव्हा गाव ज्या नावानं ओळखायचं ते मी लिहीत नाही. तोंडात मात्र तेव्हा माझ्याही होतं. ती अंगणात बसायची, मी ओट्यावर. कपडा द्यायचा तर मी वरून सोडायची, ती खाली ओंजळ धरायची. चहा द्यायची मी तिला, वेगळ्या कपात, कान मोडलेल्या. आणि मनात म्हणायची, आपण किती सुधारलेल्या.

शेवंताचे काज म्हणजे मुंग्यांची रांग. असा हात मी पुन्हा बघितला नाही. तिची पोरगी सुमन दहावीत. तिच्या पोलक्याचं माप मी लांबूनच घेतलं, म्हणजे नुसतं बघून. तरी नीट बसलं. त्याचाही मला गर्व.

शाळा उघडली त्या दिवशी सगळी पोरं मैदानात उंचीप्रमाणं उभी राहिली. देवळाच्या पायरीवर गावातली जाणती माणसं बसली होती, त्यांत माझे सासरेही. पोरं छान दिसत होती. पुढं येऊन एक पोरगी प्रतिज्ञा सांगत होती, खणखणीत. सासऱ्यांनी कौतुकानं विचारलं, "कुणाची रं ती?"

कुणीतरी म्हणालं, "शेवंताची."

पायरीवर एकानं तपकीर ओढली. मी ओट्यावरून बघत होते, आणि मला त्यांच्या पाठींवरून कळलं की काहीतरी झालंय. पाठी ताठ झाल्या होत्या. शाळेत त्या पोरांनी यावं, मागं बसावं, याला त्यांची आधीही ना नव्हती. ज्याची ना होती ते हे होतं: लांबून बघितल्यावर कोण कुणाचं ते ओळखू येईना. माणूस अंधाराला भितो ना, तसं ते त्या पांढऱ्या-निळ्या रांगेला भ्याले. आणि भ्यालेल्या माणसाला कळत नाही की तो भ्यालाय. त्याला वाटतं त्याचा अपमान झालाय.

आठ दिवसांत मंडळ निघालं. बैठक आमच्याच सोप्यात. मी चहा करून करून दमले. आतून सगळं ऐकू यायचं. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. "आपण कुणाच्या विरोधात न्हाय," सासरे म्हणायचे. "फकस्त आपल्या लेकीबाळींची काळजी." दुसरा म्हणायचा, "त्यांचं बी बरंच हाय की त्यात. त्यांची त्यांची रांग असली म्हंजी त्यांनाबी मोकळं वाटंल." सगळे माना हलवायचे. हीच माणसं मी तापानं फणफणले तेव्हा बैलगाडी जुंपून मला दवाखान्यात घेऊन गेली होती. मला आजही भीती वाटते ती याची. त्यांची तोंडं वाईट माणसांची नव्हती.

हेडमास्तर बधले नाहीत. म्हणाले, एकच रांग, कायदा आहे. मग सासऱ्यांनी मला हाक मारली.

"सूनबाई, उरलंय का पांढरं कापड? दंडाला बांधायच्या पट्ट्या पायजेत. शंभरेक."

कशाला, हे मी विचारलं नाही. दंडाचा घेर किती, हे विचारलं.

शिवल्या. नुसत्या शिवल्या असत्या तर एक वेळ समजू. कुणी सांगितलं नव्हतं, तरी दोन्ही कडांना निळ्या दोऱ्याची टीप घातली, शोभेला. अशी पट्टी शिवताना उलटी शिवतात, नळीसारखी, आणि मग काडी घालून आतली बाजू बाहेर काढतात. किचकट काम. बोटं सोलवटतात. मी ते शेवंताकडं दिलं.

हे लिहिताना इथं जरा थांबले होते. दोरे कापून आले.

शेवंता अंगणात बसून एकेक पट्टी सरळ करत होती. पन्नासेक झाल्यावर म्हणाली, "वैनी, ह्या कशाच्या ओ?"

"जत्रेच्या असतील."

"आता कुटली जत्रा?"

"मला काय माहीत."

मला माहीत होतं. तिनं माझ्याकडं बघितलं, परत काडी घातली आणि उरलेल्या सरळ केल्या. शेवटी सगळ्या हातानं दाबून, एकावर एक रचून ठेवल्या. कामात ती कधी हयगय करायची नाही.

दोन दिवसांनी सकाळी गावात पट्ट्याच पट्ट्या. शाळेच्या फाटकावर, गिरणीपाशी, हापशावर. माझा धाकटा दीर पालीला भिऊन खाटेवर चढायचा. तोही दंडाला पट्टी बांधून रस्त्यात उभा, आणि त्याचा चेहरा मला ओळखू येईना. काल ही माणसं वेगवेगळी होती. कुणी आळशी, कुणी विनोदी, कुणी बायकोला भिणारा. एका वितीच्या कापडानं सगळी एक झाली. पोरांच्या गणवेशाला भ्यालेल्या माणसांनी स्वतः गणवेश घातला, आणि तो मी शिवला, त्याच ताग्यातून.

शेवंता सुमनला घेऊन रस्त्यानं आली. गिरणीपाशी तिचं दळण अडवलं, तिनं डबा काखेत घेतला आणि पुढं निघाली. शाळेच्या फाटकावर आठ-दहा दंड आडवे झाले. तिनं त्या माणसांची तोंडं बघितली नाहीत. पट्ट्या बघितल्या. मग मान वळवून आमच्या घराकडं बघितलं. मी खिडकीत होते. खाली बसले. बावीस वर्षांची ती टेपवाली खिडकीखाली उकिडवी बसली होती आणि तिला वाटत होतं, आपण दिसलो नाही म्हणजे आपण नव्हतो.

त्या दुपारी वस्तीतली कडब्याची गंजी पेटली. भर उन्हात. वारा आमच्या बाजूचा होता. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कापडावर काळी राख येऊन बसली. मी ते सगळं कापड परत धुतलं.

चौथ्या दिवशी शेवंता आली. सुमनचा गणवेश घडी करून आणला होता. "कुणाच्या तरी अंगाला यील," म्हणाली. वरून-खालून नाही, सरळ माझ्या हातात दिला. बोटांना बोटं लागली. मी हात मागं घेतला नाही. शेवंताचं बिऱ्हाड आठवड्यात गाव सोडून गेलं. कुठं, ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शाळेत परत एक रांग झाली, कारण वस्तीतली पोरं येईनाशी झाली होती, दुसरी लावायची गरजच उरली नव्हती. मंडळही विरलं. त्या पट्ट्या धरून बायकांनी चुलीवरची भांडी उतरवली.

मी का शिवल्या? सासऱ्यांच्या धाकानं, हे उत्तर मी बरीच वर्षं वापरलं, चांगलं टिकलं. पण आता दात गेले, जवळ काही लपवायला उरलं नाही, तर खरं सांगते. सुमन दहावीत होती. मी सातवी. ती प्रतिज्ञा सांगत होती तेव्हा मी ओट्यावर बसून इयत्ता मोजत होते. शेवंताची पोरगी माझ्या तीन इयत्ता पुढं गेली होती. ती आणखी पुढं गेली तर ओटा कुणाचा आणि अंगण कुणाचं? माझ्याकडं त्या ओट्याशिवाय होतं काय? अनुजाच्या पुस्तकात लिहिलंय की त्या टोप्या घालणाऱ्यांत कितीतरी जण स्वतः फाटके, अर्धपोटी होते. ते वाक्य तिनं दोनदा वाचलं. तिला समजेना की गरिबानं असं का करावं. मी खाली मान घालून दोरे कापत राहिले.

हे सगळं मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हते. पण फोटो बघितल्याच्या दोन दिवसांनी एक माणूस आला.

तिशी-पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, वाकून नमस्कार केला. एका इंग्रजी शाळेच्या पालक मंचाचा. त्या शाळेचे सगळे गणवेश यंदा आमच्याकडं आहेत, अर्धा हंगाम त्यावर उभा. कायद्यानं त्या शाळेला काही जागा गरिबांच्या पोरांना द्याव्या लागतात, सोडत काढून. आमच्या पद्माच्या मुलीचा यंदा नंबर लागला. पद्माचा नवरा चिंचोळीला एमआयडीसीत पाळीवर जातो. त्यानं गल्लीभर साखर वाटली होती. दिलीपनंही तोंड गोड केलं होतं.

तो माणूस दिलीपला म्हणाला, "एक छोटा बदल आहे. त्या सोडतीच्या मुलांच्या खिशाला आतल्या कडेनं एक करड्या रंगाची पट्टी. दिसणारही नाही."

"दिसणार नाही तर लावायची कशाला?" मी कोपऱ्यातून विचारलं.

तो गोड हसला. "आज्जी, मॅनेजमेंटला सोपं जातं. आणि गैरसमज नको, आम्ही कुणाच्या विरोधात नाही. उलट त्या मुलांचंही बरंच आहे त्यात."

मी हातातली कात्री खाली ठेवली. तेच शब्द, तीच गोडी. पन्नास वर्षांत एक टाकासुद्धा उसवलेला नाही. दिलीप मानेनं हो-हो करत होता, कारण हंगाम आहे आणि माणूस भला दिसतो. त्या शाळेच्या खिशांचं काम पद्माच्या मशिनीवर होतं. तिनं पाय थांबवला होता, पण मान वर केली नव्हती.

मी उठले. गुडघ्यांनी जेवढा वेळ घेतला तेवढा वेळ सगळे माझ्याकडं बघत राहिले. म्हटलं, "मग सगळ्याच पोरांच्या खिशाला लावते की. करडा रंग चांगला दिसतो."

"नाही, नाही. मग उपयोग काय?"

"तेच विचारते मी. उपयोग काय?"

"आई, तू वर जा," दिलीप म्हणाला.

"जाते. पण ती पट्टी या घरात शिवायची नाही. हिच्या मशिनीवर तर नाहीच."

तो माणूस रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "विचार करून कळवा," म्हणाला, परत वाकून नमस्कार केला आणि गेला. मग दिलीपनं मशिनी बंद करायला लावल्या आणि मला विचारलं, तुला झालंय काय. तेव्हा मी सांगितलं. सगळं. शेवंता, काडी, खिडकी, राख. गठ्ठ्यावर अनुजा होती, चौदा बायका होत्या. मी वर बघितलं नाही. इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. सांगून झाल्यावर कुणी पाणी दिलं नाही, कुणी पाठीवर हात ठेवला नाही. बरोबर केलं त्यांनी.

अनुजानं हळूच विचारलं, "हे मी पेपरात लिहू?"

"प्रश्न अमेरिकेचा आहे ना. मार्क कापतील."

दुसऱ्या दिवशी फोन आला. त्या शाळेचं सगळंच काम काढून घेतलं. सोलापुरात मशिनी काय कमी आहेत? मागच्या गल्लीत कुणीतरी करडी पट्टी लावायला बसलंही असेल. त्याची किंवा तिची टीप सरळ असेल. दिलीप माझ्याशी तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी रिकाम्या पडलेल्या मशिनीला तेल घालता घालता म्हणाला, "आजोबा मला खांद्यावर घेऊन जत्रेत न्यायचे." मी म्हटलं, "न्यायचेच." त्यानं तेलाची बुधली पुढच्या मशिनीकडं नेली.

मला वाटलं होतं, नाही म्हटल्यावर हलकं वाटेल. उलट भीती वाढली. तेव्हा मी सासऱ्यांना भीत होते, लोकांना भीत होते. आता एका सहा वर्षांच्या पोरीच्या खिशाला भिते. तो खिसा मी शिवला नाही तरी दुसऱ्या कुणाच्या हातून शिवून तिच्या अंगावर येणारच आहे.

परवा जेवणाच्या सुट्टीत पद्मा डबा घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. इतके दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. कडक भाकरी आमटीत मोडत म्हणाली, "आज्जी, ती शेवंता नंतर कुटं गेली?"

"माहीत नाही."

"कदी इचारलं बी न्हाई?"

"नाही."

तिनं उरलेली भाकरी संपवली. मग म्हणाली, "पट्टी आली तर येऊ दे. पोरीला मी काडणार न्हाई शाळेतनं. पयल्या दिवशी मी सोडायला जाणार. फाटकापाशी कोण कोण उबं ऱ्हाईल काय म्हाईत." डब्याचं झाकण लावलं. "माजे मालक पाळीवर असतेत. तुमी येता का?"

मी लगेच हो म्हटलं नाही. ते इथं लिहून ठेवते. माझ्या मनात आधी गुडघे आले, मग दिलीप आला, मग तो हसरा माणूस आला. पद्मा वाट बघत होती, पण फार वेळ बघेल असं दिसत नव्हतं.

"किती वाजता भरते शाळा?" मी विचारलं.

"सव्वासातला. पण तुमी पावणेसातलाच तयार ऱ्हावा. तुमाला चालायला लई टाईम लागतो."